धंद्याचं किती, घराचं किती

६ नोव्हेंबर १९९५, सोमवार

मच्छरदाणी धंद्याची की घराची? गोकुळदासबाबनी विचारलं. पाहुण्यांच्या खोलीत टांगते, म्हणजे धंद्याची. पण मध्ये खोली रिकामी होती तेव्हा मांयला डास फोडून खात होते, म्हणून तिच्या खाटेवर लावली. मग?

"पाहुणा असला की धंद्याची, नसला की घराची — असं चालत नाही गो बाय. एकदा काय ते ठरव."

पेडण्याच्या बाजारात, रंगाच्या दुकानावरच्या माडीत त्यांची खोली. दुकानदारांचे आयकराचे हिशेब ते बघतात. मी गेले ती बँकेच्या मॅनेजरमुळे. म्हणाला, बाथरूमसाठी कर्ज हवं तर आयकराचं रिटर्न आणा. गेल्या हिवाळ्यापासून केरीतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या परदेशी पाहुण्यांना देते. चादर बदलायची, सकाळी चहा नि पोदेराचे उंडे पाव, दुपारी माशाचं हुमण-भात. मला वाटायचं, घरी करते तेच चार माणसांना जास्त करते. तर नाही. हा धंदा! मी धंदेवाली!

बसमध्ये एकटीच हसत होते. कंडक्टर बघायला लागला तेव्हा खिडकीबाहेर तोंड केलं.

९ नोव्हेंबर

गोकुळदासबाबचा पहिला धडा — धंद्यासाठी झाला तो खर्च. घरासाठी झाला तो संसार. दोन्हींच्या मध्ये पडला तर वाटणी. गॅस वाटायचा, वीज वाटायची, कपड्यांचा साबू वाटायचा.

म्हणून आज घर मोजलं. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं मांयकडे. मांय म्हणजे माझी सासू. लग्न होऊन आले तेव्हापासून मांयच म्हणते. पुढच्या दोन खोल्या धंद्याच्या. देवाची खोली घराची. रांधचं कूड, चूल दोन्हींची एकच, म्हणून निम्मं-निम्मं. पडवीपाशी अडलं. दिवसभर तिथं मार्था बसते — डेन्मार्कची म्हातारी मास्तरीण, दोन महिन्यांसाठी आलीय, फारसं बोलत नाही, समुद्राकडे बघते. आणि तिन्हीसांजेला तिथंच मांय लसूण सोलते.

"पडवी धंद्याची की घराची, मांय?"

"पडवी येता-जाता तेची," म्हणाली. "तेका कर लावतलो कोण?"

पडवी लिहिलीच नाही मग.

१४ नोव्हेंबर

जो खर्च केला त्याची पावती हवी. बरं. पण जानकी पाटी घेऊन दारात येते, बांगडे मोजते, पैसे कमरेला खोचते नि जाते. तिची पावती? गोकुळदासबाब म्हणाले, आपणच कागदावर लिहायचं — तारीख, काय घेतलं, किती दिले. घेणाऱ्याची सही. सही येत नसेल तर अंगठा.

जानकीनं अंगठा केला नि हसत सुटली. "आयकारवाल्याक माझो आंगठो कित्याक गो? लगीन करतलो?"

कागदाला बांगड्याचा वास. वाळत घातलाय दोरीवर, चादरींच्या मध्ये.

२० नोव्हेंबर

मी राबते त्याचा पगार मला खर्चात लिहिता येत नाही! मालकाचं राबणं म्हणे नफ्यातच असतं.

मांयला मात्र लावता येतो, खरंच काम करत असली तर. तिला सांगितलं. मासळी साफ करायची थांबली, हात धुतले, सरळ बसली. जन्मात कुणी तिला पगार दिलेला नाही. "तर मग उद्यापासून माझ्यार आरडूंक जावचें ना," म्हणाली. "नोकराक आरडलां तर तो काम सोडून वता."

१ डिसेंबर

आज एक सुंदर शब्द मिळाला. घसारा.

मला वाटत होतं कर्ज काढून संडास-बाथरूम बांधलं की तो सगळा यंदाचा खर्च. तसं नाही. जे वर्षानुवर्षं टिकणार ते एकदम खर्चात धरायचं नाही. दर वर्षी ते थोडं झिजतं, आणि झिजलं तेवढंच त्या वर्षाच्या खर्चात घालायचं. खाटा झिजतात, पंखा झिजतो. त्याचे दर ठरलेले आहेत म्हणे, सरकारनं ठरवलेले!

दुपारभर डोक्यात तेच. सुरूंच्या झाडांखाली जाऊन बसले. ओहोटी होती. तेरेखोलची फेरीबोट नदीच्या मधोमध, इंजिनाचा आवाज वाऱ्यावर येत होता, जात होता. मला वाटलं, या फेरीबोटीचाही घसारा कुणीतरी लिहीत असेल. आणि पलीकडच्या किल्ल्याचा? त्याचा कुणी लिहिणार नाही, तो कुणाच्या धंद्याचा नाही. वाळूवर आडवी झाले तर झोपच लागली. जागी झाले तेव्हा मार्था शेजारी बसलेली. ऊन तोंडावर येऊ नये म्हणून तिनं आपली टोपी माझ्या डोळ्यांवर ठेवली होती. उठून वाळू झटकली दोघींनी. घरी आलो.

हा खर्च नाही नि उत्पन्न पण नाही. कुठं लिहू? इथं लिहिलं.

११ डिसेंबर, सोमवार

नको तेच झालं.

गोकुळदासबाब रिटर्न भरायला बसले. गेल्या वर्षाचं आधी भरू, म्हणाले. नाव — देवकी सगुण केरकर. मग चष्मा वर करून, "लग्न नोंदवलेलं?"

"पेडण्याला. रजिस्टरात."

"नवरा काय करतो?"

"सुर्ल्याला असतात. ट्रक आहे. खाणीचा."

"तर मग त्याचेही आकडे हवे," म्हणाले. जसं काही मीठ हवं! मग समजावलं. गोव्यात लग्नाचा तो जुना पोर्तुगीज कायदा अजून आहे. लग्नानंतर दोघांचं सगळं निम्मं-निम्मं. आयकरसुद्धा तसंच धरतो. पगार ज्याचा त्याचा, पण धंद्याचं जे येईल ते अर्धं बायकोच्या नावावर, अर्धं नवऱ्याच्या. माझ्या खोल्यांचं अर्धं सगुणचं. त्याच्या ट्रकाचं अर्धं माझं.

"आणि घर तुझ्या नवऱ्याच्या बापाचं. त्याची सही नसताना बँक कर्ज देणार नाही."

मी म्हटलं, "बाब, ते गेले त्याला आठ वर्षं झाली. ते येत नाहीत."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग हळू म्हणाले, "कायद्याला ते ठाऊक नाही गो."

१२ डिसेंबर

पानावर नाव घेते. इथं कोण ऐकतंय. सगुण. सगुण.

भांडण झालंच नव्हतं. लोकांना ते पटत नाही. गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, खाणीवर ट्रक लावतो म्हणून गेला. मी जायला तयार नव्हते — समुद्र सोडून त्या लाल धुळीत? मांय तर नाहीच. पहिल्या चवथीला आला, गणपतीवर फळांची माटोळी बांधली, गेला. दुसऱ्या चवथीला आला. मग आला नाही. मी वाट बघायची कधी थांबले ते मलाच कळलं नाही. माणूस जातो तेव्हा दार आपटतं असं नाही. ओहोटीसारखं — बघावं तर पाणी लांब.

२ जानेवारी १९९६

स्वप्न पडलं. सगुण पुढच्या खोलीत पाहुणा म्हणून उतरलाय. मी चहा घेऊन जाते. तो विचारतो, किती झाले? मी म्हणते, थांबा, अर्धेच घ्यायचे की पूर्ण, विचारून येते.

मार्था आज गेली. जाताना मांयचा हात हातात धरून उभी राहिली. मांय म्हणाली, "परत यो हां." तिला कळलं असावं.

बाथरूम नाही म्हणून दोन पाहुणी दारातूनच परत गेली. विहिरीवर आंघोळ? नको म्हणाली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत बांधलं नाही तर खोल्या रिकाम्याच राहणार. मग पुन्हा मी आणि मांय, आणि काजूच्या चार झाडांचं येईल तेवढं.

जायला हवं.

८ जानेवारी, सोमवार

जाऊन आले. हात अजून लाल आहेत. दोनदा धुतले.

म्हापशाला बस बदलली, डिचोलीला बदलली. सर्वणपर्यंत हिरवं, शेतांत बाया वाकलेल्या. मग हळूहळू सगळं लाल. झाडं लाल, कौलं लाल, कुत्री लाल. एकामागून एक ट्रक. सुर्ल्याला चहाच्या गाड्यावर विचारलं — केरीचा सगुण? त्यानं शेडकडे बोट दाखवलं नि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

शेडच्या दारात एक बाई कपडे पिळत होती. तरणी, बेळगावकडची वाटली बोलण्यावरून. "कोण पाहिजे ओ? बसा की. पाणी देतो." तिच्या मागं एक मुलगी, चारेक वर्षांची, मातीत नटबोल्ट ओळीनं मांडत बसलेली. चाक काढलेला ट्रक. ट्रकाखालून दोन पाय.

पाय मी ओळखले.

तो बाहेर आला. केस पांढरे. माझ्याकडे बघून उभाच. "देवके! मांय... मांय बरी आसा?"

"बरी आहे."

त्या बाईचे हात थांबले. पिळलेल्या लुगड्यातून पाणी ठिबकत राहिलं. मग ती आत गेली नि स्टोव्हचा आवाज आला.

काय बोलायचं ते मी बसमध्ये शंभरदा घोकलं होतं. तोंडातून आलं, "मी भांडायला नाही आले. आयकराचं काम आहे."

सगुण हसला! इतक्या वर्षांनी. मला राग यायला हवा होता, पण हसू तेच होतं, उजवीकडे वाकडं. मी त्याला समजावत बसले. गोकुळदासबाबनी मला समजावलं तसंच, धंद्याचं किती, घराचं किती, घसारा, अर्धं-अर्धं. त्यानं ग्रीसचे हात चिंधीला पुसत सगळं ऐकलं.

"म्हणजे तुझ्या खोल्यांत अर्धं माझं?"

तेव्हा भीती वाटली. खरी भीती. आता मागेल. आता म्हणेल, मग दे. पण मी नजर हलवली नाही. "हिशेबात," म्हटलं.

"नि ट्रकात अर्धं तुझं."

"हिशेबात."

"ट्रक तोट्यात आहे, देवके. डिझेल, टायर, वर दोन महिने हा असा उभा."

"मग तोट्यात अर्धी."

तिनं चहा आणला, दोन कोप. एक त्याला, एक मला. स्वतः दाराला टेकून उभी. नाव भाग्यलक्ष्मी. मुलीचं दीपा. ते मला त्यानं नाही, मुलीनंच सांगितलं. माझ्याजवळ आली, पदराला हात लावून बघितला. "तू कुठली?"

"केरीची."

"तिथं काय आहे?"

"समुद्र."

"म्हणजे काय?"

काय सांगणार? पाणी, म्हटलं. खूप पाणी. पलीकडची बाजूच दिसत नाही. तिनं मान हलवली — खोटं बोलतेय ही, अशी. तिचं कपाळ मांयचं आहे. तंतोतंत मांयचं.

सगुणनं पिशवीभर डिझेल-टायरांची बिलं दिली. बँकेत सहीला येतो म्हणाला. बसस्टॉपपर्यंत भाग्यलक्ष्मी आली, मुलीला कडेवर घेऊन. बस दिसल्यावर म्हणाली, "ताई, मला ठाव नव्हतं ओ. देवाशपथ. बायको वारली म्हणून सांगितलेलं."

मी मेलेली!

बसमध्ये खिडकीशी बसले. लाल सरलं, हिरवं आलं. मेलेल्या माणसाला असंच दिसत असेल — सगळं आहे तिथंच आहे, शेतं, माड, पूल, शाळेतून परतणारी पोरं — आणि आपल्याला कुणी हाक मारत नाही. विचित्र म्हणजे दुःख होत नव्हतं. हलकं वाटत होतं. मेलेल्या बाईला आयकर लागतो का, गोकुळदासबाबना विचारायला हवं.

मांय पडवीतच उभी होती. "बरो आसा?"

"बरे आहेत."

"एकटोच?"

मी पाय धुवायला विहिरीवर गेले.

९ जानेवारी

रडले. आज.

२२ जानेवारी

गोकुळदासबाबनी सगुणची बिलं लावली. अर्ध्याहून जास्त बिलांवर ना तारीख, ना गाडीचा नंबर. "हा मनुष्य धंदा करतो की स्वप्न बघतो?" म्हणाले. मी म्हटलं, आम्ही दोघंही तशीच. त्याच्या तोट्याचा अर्धा माझ्याकडे आला, माझ्या नफ्याचा अर्धा त्याच्याकडे गेला. कर दोघांनाही शून्य.

एका गुजरात्याच्या दुकानातली दोन कोरी बिलं त्यांनी मला दाखवली. कुणीतरी त्यांना दिली होती — खर्च वाढवून दाखवायला. फाडून टाकली. "अशी घेऊ नको कधी. खर्च आपण केलेलाच असावा. मग तो कितीही वेडा असो."

मांय रोज काही ना काही विचारते. कोण रांधतं त्याला? कपडे कोण धुतं? मी म्हणते, चहाच्या गाड्यावर जेवतात. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलतेय. ती सत्तरीला टेकली. तिला कळून काय होणार? आणि नाही कळलं तर? नात आहे तिला. नात आहे, आणि मी ती लपवून ठेवलीय, चादरींच्या कपाटात ठेवावी तशी.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आला. इस्त्रीचा शर्ट घालून. बँकेत आम्ही बाकावर शेजारी-शेजारी बसलो. लोकांना वाटलं असेल, नवरा-बायको कामाला आलीत. आलोच होतो की!

फॉर्म भरताना क्लार्कनं विचारलं, पत्ता दोघांचा एकच? सगुण माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, लिहा केरी.

बाहेर आल्यावर विचारलं, "मी मेले होते म्हणे."

त्याची मान खाली. "काय सांगतलो होतो? बायको आहे म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग तिच्याकडे जा."

"मग यायचं होतं."

"येतलो होतो. दर वर्षी येतलो होतो."

यायचं मनात होतं, खोटं नव्हतं ते. तेच वाईट. माझ्याशी हा माणूस कधीच खोटं बोलत नाही, फक्त बोललेलं करत नाही.

"मांयला भेटून जा. बस आहे आता."

"नको. भेटलो की निघवायचं नाही." नि म्हापशाची बस आली तेव्हा धावत जाऊन चढला. खिडकीतून हात केला — जत्रेला निघालेल्या पोरासारखा.

१३ फेब्रुवारी

मांयला काल बँकेतलं सांगितलं. आला होता, सही केली, गेला. ती भाताचं पातेलं घासत बसली. घासलेलंच पातेलं पुन्हा.

४ मार्च

कर्ज मंजूर!!

२० मार्च

भिंती उठल्या. गवंड्यांच्या मजुरीच्या पावत्या, वाळूची बिलं, सिमेंटची बिलं, सगळं फाइलला. मांय रोज खुर्ची टाकून देखरेखीला बसते, पगारी माणूस! फरशीचा रंग तिनं निवडला, निळा. मी म्हटलं, समुद्र समोर आहे, आत परत निळं कशाला? म्हणाली, "आंघोळ करताना समुद्र दिसता?"

१७ एप्रिल

दुपारी बाथरूमच्या कोऱ्या फरशीवर दोघी पाय पसरून बसलो. गार. पंखा नको, काही नको. झडपेतून उन्हाची एक रेघ आत, आणि तिच्यात चुन्याचे कण तरंगत होते. मांयनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"देवके," म्हणाली, डोळे न उघडता. "तेका एकटो रवपाची सवय ना. ल्हान असल्यापासून ना. तू माका सांगूं नाका. पण फट मारूं नाका."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही. नळातून थेंब पडत होता. प्लंबरला बोलवायला हवं. तो धंद्याचा खर्च.

२२ मे, बुधवार

संध्याकाळच्या बसनं भाग्यलक्ष्मी आली. एक बोचकं, नि दीपा. सगुण ट्रक विकून निघून गेला, कुठं ते तिलाही सांगितलं नाही. माहेरचं दार तिला बंद, नि दुसरं कुठलं गाव ठाऊक नव्हतं. दीपा घराकडे बघतच नव्हती, पाठमोरी उभी राहून समुद्राकडे बघत होती, तोंड उघडं टाकून. मांय बाहेर आली. तिनं पोरीची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला.

"कोणाचें गो हें चेडूं?"

मी म्हटलं, "आमचं."